यंदाचा रंग कोणता?

आमच्या लेडीज होस्टेलला वर्षात दोनच सीझन माहीत आहेत. एक सबमिशनचा, दुसरा गॅदरिंगचा. पहिल्यात सगळ्यांचे चेहरे एकाच रंगाचे असतात. दुसऱ्यात मात्र बी विंगपासून मेसच्या रांगेपर्यंत एकच प्रश्न, ‘ए, यंदा कुठला कलर चाललाय गं?’ आता हा ‘चाललाय’ शब्द मोठा गमतीचा आहे. कलर चालतो म्हणजे निघतो कुठून, त्याला चालवतं कोण, आणि तो चालायचा थांबला की मागे काय उरतं? मेसची पोळी गार होत असताना असले प्रश्न कुणी विचारत नाही. मला ते विचारावे लागले, कारण २०२५ ची उन्हाळ्याची सुट्टी मी रोज सकाळी नऊ ते पाच मण्यांत बसून घालवली.

पुढे जाण्याआधी संपादक मंडळाला एक विनंती. माझं दहावीपर्यंतचं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये. ऱ्हस्व-दीर्घाशी माझं पहिल्यापासून वैर आहे. तेवढं आपण सांभाळून घ्यावं.

तर झालं असं की माझी मावशी बंगळूरला असते. तिच्या ओळखीची एक फेअर ट्रेड संस्था चन्नपट्टणच्या कारागीर बायकांकडून लाकडी मण्यांचे दागिने करून घेते आणि ते युरोपातल्या दुकानांना पाठवते. त्यांना सुट्टीपुरतं कुणीतरी हवं होतं, जिला इंग्रजी मेल वाचता येईल, ड्रॉइंग काढता येईल आणि लेथची भीती वाटणार नाही. ‘आमची मेकला आहे की!’ मावशीने परस्पर जाहीर केलं. मेकला असलेल्या मुलीला घरचे एरवी फक्त मिक्सर दुरुस्तीला बोलावतात, त्यामुळे मी लगेच तयार झाले.

चन्नपट्टण बंगळूरहून साठेक किलोमीटर, म्हैसूरच्या रस्त्यावर. लाकडी खेळण्यांचं गाव म्हणून त्याचं नाव सगळीकडे आहे. खेळण्यांना २००५-०६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पूर्वी म्हैसूरला जाणाऱ्या गाड्या गावातूनच जायच्या आणि जाता जाता लोक घोडे, बाहुल्या, बांगड्या घ्यायचे. २०२३ मध्ये नवा एक्स्प्रेस-वे झाला, गावाला बायपास मिळाला, आणि जुन्या रस्त्यावरच्या दुकानांची गिऱ्हाइकं बाहेरच्या बाहेर निघून जाऊ लागली. त्यामुळे लांबून येणाऱ्या ऑर्डरींना आता जास्तच महत्त्व आलं आहे.

पहिल्या दिवशी लेथ बघून मला हसूच आलं. फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये ज्याच्यासमोर आम्ही जॉब धरून ताटकळत उभ्या राहायचो, त्याचंच हे धाकटं भावंड. पण आमच्या सरांनी दोन सेमिस्टर जे बजावलं त्याच्या बरोब्बर उलटं इथे चालतं. आम्हाला शिकवलं होतं की घर्षणाने होणारी उष्णता वाईट, कूलंट सोडा. इथे ती उष्णता हेच भांडवल! काळ्या कुड्याचं पांढरट, मऊ लाकूड चकमध्ये धरायचं, पटाशीने गोल करायचं, भोक पाडायचं, आणि मग फिरत्या मण्यावर रंगीत लाखेची कांडी नुसती टेकवायची. घर्षणाने लाख वितळते आणि लाकडावर चढते. मग केवड्याच्या वाळक्या पानाचा तुकडा धरायचा की अशी चमक येते की आपलं तोंड दिसावं. ब्रश नाही, रंगाचा डबा नाही, वाळवणं नाही. मराठीत याला कातकाम म्हणतात, हे मला परत आल्यावर आजोबांनी सांगितलं. आमचं आजोळ सावंतवाडीकडचं. ‘अगो, चितारआळीतली लाकडी फळां बघलंस ना लहानपणी? तां काय वेगळा होता?’ बघितली होती, नव्हे, त्यातलं लाकडी केळं मी चावलंही होतं. पण ते लेथवर होतं हे कोणी सांगितलं नव्हतं.

मी ज्यांच्या शेजारी बसायचे त्यांना सगळ्या ‘आपा’ म्हणत, म्हणून मीही. त्या वीस वर्षं मणी काततायत. भाषा दख्खनी. मला आधी वाटलं, आता हिंदीची परीक्षा. पण दुसऱ्याच वाक्यात ‘नक्को’ आलं, आणि मी घरी पोचल्यासारखी सैल बसले. ज्या भाषेत ‘नको’ला ‘नक्को’ म्हणतात तिथे मराठी माणसाचं काय अडणार?

माझं काम म्हणजे पुढच्या वसंत-उन्हाळ्यासाठी माळा आणि कानातल्यांचे नमुने. युरोपातल्या दुकानाने एक पीडीएफ पाठवली होती. त्यात पाच रंगांचे चौकोन, प्रत्येकाखाली पँटोनचा नंबर. हे नंबर म्हणजे रंगांचा पिनकोड. इकडे आणि तिकडे एकच शेड समजावी म्हणून. कपड्यांचे मोठे फॅशन शो साधारण सहा महिने आधी होतात, फेब्रुवारी-मार्चमध्ये थंडीचे आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पुढच्या उन्हाळ्याचे. रंगांचे अंदाज बांधणारे लोक त्याच्याही आधीपासून कामाला लागलेले असतात. शिवाय पँटोन दर डिसेंबरात पुढच्या वर्षाचा एक रंग जाहीर करतं. २०२३ चा होता व्हिवा मॅजेंटा, २०२४ चा पीच फझ, २०२५ चा मोका मूस. म्हणजे आपल्या भाषेत गुलबक्षी, मग फिकट अबोली, मग दूध जास्त झालेली कॉफी. तीन वर्षांत तीन दिशा! (‘अबोली’ हा शब्द मला आजीच्या साड्यांमुळे माहीत. आमच्या शाळेत सगळं पीचच होतं.)

पीडीएफमध्ये चौकोन टाकणं सोपं आहे. लाखेत तो रंग आणताना घाम फुटतो. लाख म्हणजे पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर एक किडा जे राळेसारखं आवरण तयार करतो ते. तिचा स्वतःचा रंग मधासारखा पिवळट-तपकिरी. त्यात निळा घातला की तो हिरव्याकडे झुकतो, आणि फिकट अबोली करायला जावं तर मण्याला ताप आल्यासारखा दिसतो. मग विरंजन केलेली पांढरी लाख घ्या, त्यात टायटॅनियम डायऑक्साइडची पांढरी पूड मळा, मग शेंद्रीचा केशरी थेंबाथेंबाने वाढवा. गरम लाख दोन हातांनी ओढून, दुमडून, पुन्हा ओढून आपा रंग सारखा करायच्या. गुळाचा पाक ओढतात तसं. हळदीचा पिवळा दिसायला फर्स्ट क्लास, पण उन्हात उडतो, म्हणून दुकानाच्या काचेत ठेवायच्या माळेला तो चालत नाही. कॉफीचा रंग मात्र कातामुळे पटकन जमला. आणि एवढं करून नमुना जुळवायचा कशाशी, तर सुती कापडाच्या तुकड्याशी! चकचकीत मणी आणि मॅट कापड यांचा रंग यंत्राने मोजला तर एक येईल, पण डोळ्यांना मणी गडदच दिसतो. आपा मणी जरा फिकट ठेवायच्या. ‘चमक आई तो बराबर हुंगा’, एवढंच सांगायच्या. त्यांचा अंदाज दहातल्या नऊ वेळा बरोबर यायचा.

एका दुपारी आपांच्या घरी चहाला गेले होते. पलंगाखाली तांदळाची दोन पोती दिसली. तांदूळ नव्हता, गुलबक्षी मणी होते. पोतंभर! संस्थेत येण्याआधी आपा एका व्यापाऱ्याचं काम करायच्या. २०२३ मध्ये त्याने घाईघाईने मण्यांची मोठी ऑर्डर दिली, रात्री जागून काम करून घेतलं, आणि अर्धा माल उचलल्यावर ‘सीझन गया’ म्हणून हात वर केले. लाकूड आपांचं, लाख आपांची, वीजबिल आपांचं. रंग मात्र कुठल्यातरी दूरच्या गावी ठरलेला, आणि तिथेच रद्द झालेला. आता नातवंडं त्या मण्यांनी गोट्या खेळतात. आपांनी हे अगदी सहज सांगितलं, साखर किती टाकू विचारावं तसं.

हे ऐकेपर्यंत फेअर ट्रेड म्हणजे थोडी जास्त मजुरी आणि टॅगवर हसऱ्या बाईचा फोटो, एवढंच माझ्या डोक्यात होतं. आपल्यापैकी बऱ्याच जणी असंच समजतात. शाळेच्या फेटमध्ये सिस्टर आम्हाला हाताने केलेली ग्रीटिंग कार्डं घ्यायला लावायच्या, तेव्हापासून ‘हँडमेड’ म्हणजे कणव येऊन घ्यायची वस्तू असं एक समीकरण होऊन बसलं आहे. प्रत्यक्षात याचे नियम चांगलेच रोखठोक आहेत. चळवळ जुनी आहे. अमेरिकेतल्या एडना रूथ बायलर या बाईंनी १९४६ मध्ये पोर्तो रिकोच्या बायकांचं भरतकाम नेऊन विकायला सुरुवात केली, तिथपासून. वर्ल्ड फेअर ट्रेड ऑर्गनायझेशनची दहा तत्त्वं आहेत. त्यात मुलांकडून काम न घेणं, सुरक्षित जागा, योग्य मजुरी हे आहेच. पण मला भावलं ते व्यवहाराचं तत्त्व. हस्तकलेच्या ऑर्डरला कारागिराने मागितलं तर किमान ५० टक्के रक्कम आगाऊ, बिनव्याजी द्यायची. आणि कारागिराची चूक नसताना ऑर्डर रद्द झाली तर झालेल्या कामाची भरपाई करायची. हे नियम आधी पाळले गेले असते तर ती दोन पोती आपांच्या पलंगाखाली आली नसती.

एवढं असूनही रंगाचा प्रश्न सुटत नाही. संस्थेच्या ताईंनी मला मागच्या ऑर्डरींची वही दाखवली. चांगलं दुकान ऑर्डर रद्द करत नाही, पण ते रंगाला घाबरतं. घाबरलं की दोन गोष्टी करतं. ऑर्डर लहान देतं, आणि रंग नक्की दिसेपर्यंत थांबून उशिरा देतं. मग जुलै-ऑगस्टमध्ये लेथ बंद, आणि नोव्हेंबरात रात्री अकरापर्यंत चालू. शिवाय लाकूड सुकायला दोन-तीन महिने लागतात. ओल्या लाकडाचा मणी पुढे तडकतो. लाकडाचं ‘सीझनिंग’ आणि फॅशनचा ‘सीझन’, नाव एकच, पण दोघांचं एकमेकांशी अजिबात पटत नाही.

इथे मला आमचा इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगचा पेपर आठवला. (हो, मेक्सिको ग्राउंडवर मॅच चालू असतानाही मी त्या लेक्चरला बसले होते!) त्यात बेनेटनचं उदाहरण आहे. स्वेटर करताना सगळे आधी लोकर रंगवत आणि मग विणत. या इटालियन कंपनीने आधी पांढरे स्वेटर विणून ठेवले, आणि कुठला रंग खपतोय ते दिसल्यावर रंगवले. पुस्तकात याला पोस्टपोनमेंट म्हणतात. जे बदलू शकतं ते शेवटी ठरवा. मग मणी का नाही? आकार आधी ठरवू, कोरे मणी पावसाळ्यात कातून ठेवू, रंग ऑक्टोबरात चढवू.

अडचण एकच. रंग चढतो तोच मुळी लेथवर, मणी मूळ लाकडापासून वेगळा करायच्या आधी. एकदा सुटलेला मणी पुन्हा धरायचा कसा? चकमध्ये धरला तर दाते रुततात. पण मण्याला भोक असतं! मी हलका टेपर दिलेल्या स्टीलच्या कांड्या काढल्या आणि बंगळूरच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये करून घेतल्या. कांडी चकमध्ये, मणी कांडीवर ढकलला की घट्ट. टेपर जास्त झाला तर मणी चिरतो, कमी झाला तर लाख लावताना तो जागीच थांबतो आणि कांडी आत एकटी फिरते. चौथ्या मापाला बसलं. पहिला प्रयोग आपांच्या पोत्यातल्या गुलबक्षी मण्यांवर केला. जुनी लाख पटाशीने उतरवली, नवी चढवली. १४ मिलिमीटरचा मणी १३ चा झाला, पण कॉफीच्या रंगात असा शोभून दिसला की शेजारच्या दोघी उठून बघायला आल्या.

मी खूश! आपा मात्र कांडी हातात फिरवत बसल्या होत्या. मग म्हणाल्या, ‘पैले एक बार बिठाते थे, अब दो बार बिठाना बोल रै तुम. दुसरे बार का पैसा कौन देंगा?’

मंडळी, हा प्रश्न आमच्या पुस्तकात नाही. पुस्तकात कंपनीचा साठा कमी होतो, कंपनीचा धोका कमी होतो, आणि चॅप्टर संपतो. इथे मजुरी नगावर. मणी दोनदा धरायचा म्हणजे हाताला जास्त काम. शिवाय कोरे मणी पावसाळ्यात कातले तर त्यावर आगाऊ रक्कम कशाची मागणार? आगाऊ मिळते ती ऑर्डरवर, आणि ऑर्डर तर अजून आलेलीच नाही. म्हणजे माझ्या हुशारीने दुकानाची झोप चांगली झाली असती आणि पलंगाखाली गुलबक्षीऐवजी कोरी पोती आली असती.

मग चार दिवस आम्ही घड्याळ लावून बसलो. टाइम स्टडी. आपांनी गंभीर चेहऱ्याने विचारलं, ‘रोज की चाल से करूं, या तुमारे घडी की चाल से?’ आमच्या सिलॅबसमध्ये यालाच रेटिंग फॅक्टर म्हणतात आणि त्यावर सहा मार्कांचा प्रश्न येतो! रोजच्या चालीनेच केलं. कातायचा वेळ वेगळा, रंगाचा वेगळा, मणी बसवायचा वेगळा. ताईंनी त्यावरून एका दराचे दोन दर केले. कोरा मणी संस्थेत जमा केला की पहिला दर लगेच मिळणार, रंग चढवला की दुसरा. दोन्हींची बेरीज जुन्या दरापेक्षा जास्त. कोऱ्या मण्यांचा साठा संस्थेच्या कपाटात, आपांच्या घरात नाही. आणि वाढलेला खर्च दुकानाच्या किमतीत मांडायचा. ताईंनी मेलमध्ये तसं स्पष्ट लिहिलं. ‘तुम्हाला रंग उशिरा ठरवता येईल, त्याची ही किंमत.’ दयाबिया काही नाही. मला ते वाक्य फार आवडलं.

डिझाइन करतानाही मग हात वेगळा चालायला लागला. समजा ५०० माळा, प्रत्येकीत २४ मणी. सगळे सीझनच्या रंगात केले आणि २०० माळा राहिल्या, तर ४,८०० मणी अडकले. त्याऐवजी माळेत पाचच मणी सीझनचे ठेवले आणि बाकीचे एकोणीस लाल, नीळ, हिरवे, लाकडी अशा नेहमीच्या रंगांचे, तर अडकतात फक्त १,०००, बाकीचे पुढच्या माळेत जातात. आणि दिसायलाही हेच छान दिसतं, हे माझं प्रामाणिक मत आहे. संपूर्ण अबोली माळ गळ्यात घातली की आजारी दिसायला होतं. नेहमीच्या रंगांत मधेच दोन-तीन अबोली आले की ते उठून दिसतात. मी माप ठरवली तीनच, ९, १४ आणि १८ मिलिमीटर. ड्रॉइंगमध्ये अंडाकृती मणीही होते, ते आपांनीच काढायला लावले. त्याला वेळ दुप्पट लागतो आणि दर कोणी दुप्पट देत नाही.

कानातल्यांचे हुक तेवढे बाहेरून येतात. आपल्याकडे जत्रेतलं वीस रुपयांचं कानातलं घातलं की कान पिकतात, त्याचं कारण बहुतेक वेळा निकेल. युरोपात टोचलेल्या कानात जाणाऱ्या भागातून आठवड्याला चौरस सेंटिमीटरमागे ०.२ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटता कामा नये असा कायदा आहे. दागिन्यातल्या शिशालाही वजनाच्या ०.०५ टक्क्यांची मर्यादा. त्यामुळे हुकांची प्रत्येक खेप तपासणीला जाते आणि रिपोर्ट आल्याशिवाय कुणी हात लावत नाही. ते रिपोर्ट वाचायचं काम माझ्याकडे होतं आणि सांगायला हरकत नाही, केमिस्ट्रीच्या व्हायवापेक्षा ते मी जास्त मन लावून केलं.

दुकानाने सगळं मान्य केलं असं नाही. सहा-सात मेल झाले. शेवटी फक्त १४ मिलिमीटरच्या मण्यांसाठी, एका सीझनपुरतं, बघू म्हणाले. मापं जूनमध्ये नक्की, रंग ऑक्टोबरात कळवणार. कोऱ्या मण्यांच्या निम्म्या रकमेची आगाऊ त्यांनी जुलैमध्ये दिली. ९ आणि १८ चं अजून जुन्याच पद्धतीने चालू आहे. ताई म्हणतात, एक तर मिळालं.

मी कॉलेजला परत आले तेव्हा पावसाळा सुरू झाला होता. आपा मधून मधून व्हॉट्सअॅपवर फोटो टाकायच्या. ऑगस्टमध्ये आला तो कपाटाचा होता. कोऱ्या, पांढऱ्या मण्यांचे डबे, आणि दमट हवेत ते फुगू नयेत म्हणून कपाटात लावलेला एक साधा बल्ब. बल्बची आयडिया त्यांची स्वतःची. खाली फक्त एक ओळ होती, ‘कलर कब बोलते?’ मी लिहिलं, ऑक्टोबरमध्ये. त्यावर त्यांनी अंगठा पाठवला आणि पाठोपाठ दुसरा मेसेज, कांड्या झिजल्यात, अजून सहा करून पाठव, टेपर तोच.